राक्षसाचे हिट पॉइंट

1977 सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला ओगर सरासरी 19 हिट पॉइंटांत आडवा व्हायचा. 2014 साली आलेल्या त्याच नावाच्या पुस्तकात त्याला 59 लागतात. आडदांडपणा तोच, भूक तीच, अक्कलही तेवढीच. मग मधले 40 कुठून आले? गेली काही वर्षं माझ्या सुट्ट्या असल्या प्रश्नांत जातात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये हा खेळ आणला. चारपाच जण एकेका पात्राची भूमिका घेऊन बसतात, एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट चालवतो (आमच्याकडे ती मी), आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. लागलेला वार हिट पॉइंट घटवतो; ते संपले की आडवे. 1989, 2000, 2008, 2014 आणि 2024 अशा मोठ्या फेरफारांतून नियम गेले. जुनी साहसं मात्र लोकांना सोडवत नाहीत, त्यामुळे त्यातली भुतंखेतं नव्या नियमांत बसवण्याचा उद्योग जगभर चालतो.

पुण्याजवळच्या माणमध्ये, हिंजवडी आयटी पार्कच्या फेज थ्रीच्या मागच्या एका सोसायटीत, शनिवारी रात्री आमचं टेबल बसतं. खेळाडूंपैकी बहुतेक जण दिवसा जुन्या सिस्टिम नव्या प्लॅटफॉर्मवर नेण्याचं काम करतात. त्यामुळे त्यांना फार पटवावं लागत नाही: मायग्रेशनमध्ये डेटा सहज जातो, जुन्या कोडमागचा कुणीच लिहून न ठेवलेला हेतू जात नाही.

आकडेमोड तशी सोपी आहे. जुन्या नियमांत आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला. चिलखत नसलेल्याचा 10, आणि तिथून खाली उतरत शून्याच्याही खाली. 2000 पासून तो वर चढू लागला. म्हणून 20 मधून जुना आकडा वजा करायचा, ही सगळ्यांची ठरलेली युक्ती. ओगरचा जुना 5, म्हणजे नवा 15 व्हायला हवा. 2014च्या पुस्तकात तो 11 आहे! खुद्द खेळ बनवणाऱ्यांनीच वजाबाकी केलेली नाही. कारण नव्या नियमांत वार लागण्याची शक्यता मुद्दाम एका मर्यादेत ठेवली आहे. सगळ्यांचे वार बऱ्यापैकी लागतात. धोका वाढवायचा तो हिट पॉइंट आणि इजा वाढवून. जुना ओगर एका फटक्यात 1 ते 10 इजा करायचा, नवा सरासरी 13 करतो.

पण खरा बदल आकड्यांच्या मागे आहे. जुन्या खेळात अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्यावर मिळत: जितकी नाणी बाहेर काढाल तितके गुण. राक्षसाशी लढणं हा तोट्याचा सौदा होता. चोरून आत जा, फसव, लाच दे, पळ काढ. गॉब्लिन किती भेटतील याचा 1977 मधला आकडा 40 ते 400 असा आहे. चारशे गॉब्लिनांशी कोण लढणार? नव्या खेळात गुण राक्षस हरवल्याचे मिळतात, निदान बहुतेक टेबलांवर. पूर्वी जो अडथळा होता तो आता कार्यक्रम झाला. म्हणून जुना प्राणी हाती आला की मी पहिल्यांदा त्याचे आकडे झाकते आणि विचारते: याला पाहून खेळाडू काय करायचे? तेवढं टिकवायचं, बाकी सगळं नव्याने लिहायचं.

वाइट नावाचं प्रेत घ्या. जुन्या नियमांत त्याचा एक स्पर्श म्हणजे पात्राची एक अख्खी लेव्हल गेली. महिनोन् महिने खेळून मिळवलेली. वाइट दिसला की टेबलावरची थट्टा थांबायची. 2014च्या नियमांत तो हिट पॉइंटांची कमाल मर्यादा घटवतो, तीही बचावाची फेक चुकली तर, आणि रात्रभर झोप काढली की सगळं पूर्ववत. हे भूत नव्हे, कणकण आहे. माझ्या टेबलावर वाइटच्या स्पर्शाने थकव्याची एक पायरी चढते. 2024च्या नियमांत अशा प्रत्येक पायरीमागे फाशातून 2 वजा होतात आणि सहाव्या पायरीला मरण. ही थकव्याची पायरी मात्र वाइटच्या थडग्याच्या हद्दीत झोपून उतरत नाही. लेव्हल कुणाचीच जात नाही, पण खेळाडू पुन्हा लांबून वळसा घेऊन जायला लागले आहेत.

आता राक्षस. आपला राक्षस या खेळात 1975 पासून आहे, पण तो रामायणातून आलेला नाही. गायगॅक्सना तो अमेरिकन टीव्हीवर सापडला, ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ या मालिकेच्या 1974 मधल्या एका भागात. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या चित्रात त्याला वाघाचं तोंड मिळालं, हाती पाइप मिळाला. पुढे त्याच्या हातांचे तळवेही उलटे झाले. आपल्याकडे पाय उलटे असतात ते हडळीचे. तरी मारीच आणि भिक्षेकऱ्याच्या वेषातला रावण ज्यांनी लहानपणी ऐकला त्यांना हा राक्षस ओळखीचा वाटेल, कारण तो तुमच्या मनातलं वाचतो आणि तुमच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन येतो.

1977 मध्ये त्याला साध्या शस्त्राने काही होत नसे, बहुतेक मंत्रही चालत नसत. पण मंतरलेला क्रॉसबोचा एक बाण लागला की खेळ खलास. म्हणजे तो मुळात कोडं होता. बाणाची गोष्ट कुठेतरी ऐकायची, बाण मिळवायचा, मग चार मित्रांपैकी खोटा कोण ते ओळखून चाप ओढायचा. 2014 मध्ये त्याला 110 हिट पॉइंट मिळाले, आणि तो बाण ‘सज्जनाच्या हातच्या जादुई टोकदार शस्त्राने दुप्पट इजा’ एवढाच उरला. दुप्पट इजा म्हणजे तीच लढाई, थोडी लवकर आटोपणारी. मी 110 ठेवले आहेत, कारण नव्या खेळाडूंची पात्रंही ताकदवान असतात. पण एका बाणात मरण परत आणलं. अट एकच: चुकीच्या माणसावर सोडलात तर बाणही गेला आणि मित्रही.

असं नेमकं मर्म असलेली भुतं आपल्याकडे किती आहेत हे पाहायचं असेल तर ‘फोकलोअर ऑफ द कोकण’ चाळा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून गोळा केलेल्या माहितीवरून आर. ई. एंथोवेन यांनी ते संपादित केलं आणि 1915 मध्ये ते निघालं. (हे तेच जॅक्सन, ज्यांच्यावर 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी नाटकगृहात गोळी झाडली.) माझ्या दृष्टीने ते मराठी मुलखाचं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च आहे, फक्त त्यात आकडे नाहीत.

अशा मर्म असलेल्या भुतांपैकी, वाट चुकवणारा चकवा मी नियमांत लिहिला तेव्हा त्याला हिट पॉइंट दिलेच नाहीत. रात्री रानात दर तासाला वाट शोधण्याची एक फेक. चुकली की जिथून निघालात तिथेच परत आणि थकव्याची एक पायरी वर. घाई कराल तितकी पुढची फेक अवघड. उतारा आजीआजोबा सांगतात तोच: आहे तिथे बसून राहा, उजाडू द्या. पहिल्या खेपेला आमचा योद्धा तलवार उपसून विचारत होता, “ताई, पण याला मारायचं कुठे?” बसायचं कुणालाच सुचलं नाही, पार चौथ्या पायरीपर्यंत.

असले प्राणी मराठीत लिहून छापायला कायद्याची अडचणही आता फारशी नाही. जानेवारी 2023 मध्ये, परवान्याच्या अटी बदलण्यावरून जगभरच्या खेळाडूंनी गदारोळ केल्यावर, पाचव्या, म्हणजे 2014च्या, आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. त्यात राक्षसही आहे. श्रेय देऊन कुणीही ते मराठीत आणू शकतं, छापून विकूही शकतं.

तेव्हा वाचकांकडे एक मागणं आहे. तुमच्या गावचा गिऱ्हा, खवीस, मुंजा, झोटिंग यांच्याबद्दल घरात काही सांगत असतील तर लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. भूत दिसतं कसं ते नाही लिहिलंत तरी चालेल. ते कशाने थांबतं, ते मात्र जसं ऐकलंत तसं लिहा.