थेंबे थेंबे

प्राध्यापकांमध्ये कोण संशोधन करतो आणि कोण नुसते तास घेतो, याचं कारण शोधताना सगळे स्वभावाकडेच बोट दाखवतात. कुतूहल, शिस्त, एकटं बसण्याची आवड, आणि सर्वांच्या वर चिकाटी. मग हमखास ती म्हण येते: थेंबे थेंबे तळे साचे.

ही म्हण आमच्या दुष्काळी जतमध्ये जन्मलेली नसणार. इथे भरवसा परतीच्या पावसाचा, आणि तोही लहरी. पडलेला थेंब आधी जमीन पिते, उरलेला ऊन पितं. तळं साचायला बांध लागतो, पाणी धरणारी माती लागते, उन्हाळा निभावेल इतकी खोली लागते. म्हणीत यातलं काहीच नाही. सगळा भार बिचाऱ्या थेंबावर. पूर्व भागातली गावं तर कृष्णेच्या पाण्याची वाट बघून इतकी वैतागली, की कर्नाटकात जातो म्हणाली. 2022 मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या 40 गावांचा विषय काढला, तेव्हा कुठे मुंबईत म्हैसाळच्या विस्तारित योजनेची घाई उडाली. ती योजना तरी काय, नदीचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं. थेंबांच्या चिकाटीवर कोणी विसंबलं नाही.

मी कुठून कुठे आलो! पण प्रवेश, परीक्षा, नॅक मूल्यांकनाच्या फायली यांतून उरलेल्या वेळात ज्याला संदर्भग्रंथासाठी कोल्हापूर गाठावं लागतं, त्या इथल्या प्राध्यापकाचा स्वभाव तपासून काय हाती लागणार? 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एपीआय ही गुणपद्धत आणली, बढतीसाठी शोधनिबंधांना गुण ठरले. निबंध भराभर आले. कुतूहल वाढलं असं मला तरी दिसलं नाही.

इथवर मला माझं म्हणणं पटत होतं. पण द. रा. कापरेकर आडवे येतात. देवळालीचे शाळामास्तर. ना विद्यापीठ, ना पीएच.डी., ना गुणांचा तक्ता. चार आकडे उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा; सगळे आकडे सारखे नसतील तर सात पायऱ्यांच्या आत 6174 येतो. हे त्यांना दिसलं ते कोणत्या बांधामुळे, कोणत्या मातीमुळे? की स्वभावच? मग तसा स्वभाव असलेले आणखी किती मास्तर तास घेऊन घरी गेले, ते कसं मोजायचं?

कापरेकर 1962 साली निवृत्त झाले. पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या.