होडीचा वाटा

रत्नागिरीत मिरकरवाड्यात आमचं घर जेटीपासून हाकेच्या अंतरावर. रात्री जेवणं झाली की अब्बा मच्छीचा हिशेब मांडायचे. आधी डिझेल, बर्फ आणि राशनचा खर्च वजा. मग उरलेल्या रकमेचे वाटे: तांडेलाचा, खलाशांचे, जाळ्याचा आणि होडीचा. एकदा मी विचारलं, "अब्बा, होडी काय पैसे खाते?" ते हसून म्हणाले, "खाते बेटा. रोज थोडं दिलं नाही तर एक दिवस एकदम मागते."

हे बोलणं मला पुढे इंग्लंडमध्ये आठवलं, तेही चूक झाल्यावर.

पीएचडीसाठी तिथे गेले तेव्हा नदी पाहून राहवलं नाही. विद्यापीठाच्या वल्हवण्याच्या क्लबात नाव घातलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत १८२९ पासूनची, साऱ्या जगाला ठाऊक. आमचा क्लब मात्र साधा होता. अंगाने लहान म्हणून मला कॉक्स केलं. वल्हवणारे पुढे पाठ करून बसतात, त्यांना वाट दिसत नाही. कॉक्सने सुकाणू धरायचं आणि हाका द्यायच्या. थोडक्यात, तांडेलाचंच काम.

दुसऱ्या वर्षी खजिनदार निवडायचा होता. कुणी हात वर करेना. मी केला. वाटलं, हिशेब तर घरचाच विषय.

हातात आला तो बिस्किटांचा एक डबा, पावत्यांनी भरलेला. सभासदांची वर्गणी, विद्यार्थी संघाचं अनुदान आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्या ही जमा. प्रशिक्षकाचं मानधन, स्पर्धांची प्रवेश फी, ट्रेलरचं भाडं आणि विमा हा खर्च. आठवडाभर बसून वही जुळवली. शिल्लक चांगली दिसत होती. त्या पैशात वसंतातलं सराव शिबिर करायचं ठरलं. सगळे खूश.

मग मी सामानाची मोजदाद केली. आठ जणांची होडी साठेक फूट लांब, पण कार्बन फायबरची म्हणून वजन जेमतेम शंभर किलो. जराशा धक्क्याने चीर पडते. होडीतले बूट फळीला पक्के बसवलेले असतात. त्यांच्या टाचांना दोरी बांधतात, म्हणजे होडी उलटली तर पाय चटकन सुटतात. आमच्या कितीतरी दोऱ्या झिजल्या होत्या. एका होडीच्या टोकाचा रबरी चेंडू गायब होता. टक्कर झालीच तर समोरच्याला टोक लागू नये म्हणून तो असतो. वस्तू चार-दोन पौंडांची, पण तिच्याशिवाय शर्यतीत उतरू देत नाहीत.

विम्याची यादी पाहिली तर तीत दोन वर्षांपूर्वी विकलेली होडी होती आणि नवी चौघांची होडी नव्हती. पत्र लिहायला दहा मिनिटं पुरली असती. माझा प्रबंधाचा अहवाल द्यायचा होता. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

त्याच आठवड्यात वादळ आलं. बाहेर घोडीवर बांधलेली नेमकी तीच होडी उडून कुंपणावर आदळली. दुरुस्तीचा अंदाज चौदाशे पौंड. विमा शून्य.

यादी जुनीच होती, मागच्या खजिनदारावर ढकलणं सोपं होतं. रात्री अम्मीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "लोकांचा पैसा अमानत असतो. तुला कळलं होतं ना?" कळलं होतं. तिथेच प्रश्न संपला.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सांगितलं, "यादीतली चूक मी पाहिली होती. पत्र पाठवलं नाही." एक मुलगा चिडून म्हणाला, "म्हणजे आमचं शिबिर गेलं." त्याचं बरोबर होतं. शिबिर रद्द झालं. मी राजीनामा देऊ केला. कॅप्टन म्हणाली, "आधी हे निस्तर."

तेव्हा मी अब्बांचा होडीचा वाटा त्यांना समजावला. सभासद तीन वर्षांत निघून जातात, होडी दहा-पंधरा वर्षं राहते. आज शिल्लक दिसते तिच्यातला काही भाग पुढच्या मुलांचा असतो. त्या वर्षापासून प्रत्येक वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात जाऊ लागला. ज्यांना वर्गणी जड होती त्यांना हप्ते दिले, ते नाव फक्त माझ्या वहीत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघांनी मिळून सामान मोजायचं आणि दोघांनी सही करायची. पद सोडताना बिस्किटांच्या डब्याऐवजी दोन वह्या दिल्या: एक पैशांची, एक सामानाची.

गेल्या सुट्टीत चुलत बहिणीच्या शादीला गावी गेले. जमातीच्या देगी आल्या. दोन झाकणं कमी, एकीची कल्हई पार उडालेली. विचारलं तर प्रत्येकजण म्हणाला, "मागच्या शादीत गेली असतील." देगी सगळ्यांच्या, म्हणून मोजणारा कुणीच नाही.

वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि चाचींनी बसून सगळ्या देगी मोजल्या आणि वहीत लिहिल्या. चाचांनी कल्हईसाठी पहिले पाचशे रुपये ठेवले. मी खाली लिहिलं: देगीचा वाटा.