बारा फोटोंचा रोल

कोरीटच्या घरात आगफा क्लिक थ्री आला तेव्हा आबा तरणेबांड होते. बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज जर्मन आगफाच्या सहकार्याने हा कॅमेरा बनवायची. एका रोलवर चौरस फोटो निघायचे बारा. त्यात लग्न, जावळ, नवी बैलजोडी बसवायची, मग नदी-डोंगरांवर रोल खर्चायला कोण धजणार? आबांच्या पेटीतल्या फोटोंत सातपुडा आहे, पण माणसांच्या खांद्यामागे, पुसट.

आता आबांनी ऐंशी ओलांडली आहे. नातीच्या डिजिटल कॅमेऱ्यात हजारो फोटो मावतात. मागे राहिलेला तो मुलूख पुढे आणायचा, असं तिने ठरवलं आणि आबांना शेजारी बसवून तोरणमाळची वाट धरली.

हंगाम मिरचीचा होता. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लालच लाल. तिने काच खाली केली आणि आबांना ठसका लागला. गाडी पुढे घ्यावी लागली. वारा फिरल्यावरच फोटो निघाला. पुढेही आबांचे गुडघे आखडले की थांबायचं, असंच चाललं. देखावा टिपायला निघालेल्याला असा थांबायला लावणारा सोबती मिळणं भाग्याचं. घाईत पाहिलेला डोंगर फोटोतही घाईतलाच दिसतो.

प्रकाशा गावी खरी बैठक जमली. तापी-गोमाईचा संगम, काठाला केदारेश्वर. माणसाची वस्ती इथे फार जुनी: १९५५ मध्ये बी. के. थापर यांच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातले अवशेष मिळाले होते. बॅरेजमुळे तुंबलेल्या पाण्यावर नातीने कॅमेरा रोखला. आबांनी त्याच पाण्याकडे काठी केली.

“उन्हाळ्यात इथं वाळू राहायची, बेटी. टरबुजाच्या वाड्या होत्या. पायी पलीकडे जायचो आम्ही.”

तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि वही काढली. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या क्रमांकापुढे आबांचं बोलणं उतरत गेलं. फोटोत भरलेली तापी, वहीत तिची वाळू. ही वही नसती तर या संग्रहाचं मोल निम्मंही राहिलं नसतं.

अमेरिकेत ओहायोच्या जॉय रायन २०१५ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, नातू ब्रॅडबरोबर निघाल्या आणि २०२३ पर्यंत त्यांची तिथली त्रेसष्टही राष्ट्रीय उद्यानं पाहून झाली. त्यांना सगळंच नवं होतं. आबांचा प्रवास अधिक अवघड म्हणायला हवा. त्यांना ओळखीच्याच जागा बदललेल्या पाहायच्या होत्या, आणि त्यांनी नजर वळवली नाही.

शहादा मागे पडलं, घाट लागला. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. यशवंत तलावाकाठी थंडी अंगाला झोंबत होती. नातीने कॅमेरा आबांच्या हाती दिला.

“किती उरले?” त्यांनी विचारलं.

“हवे तेवढे काढा, आबा.”

तरीही त्यांनी बराच वेळ तलाव न्याहाळला, दोन पावलं सरकले, तिला झाडाजवळ उभं केलं आणि एकच फोटो घेतला.

परतताना अस्तंभ्याचा विषय निघाला. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या यात्रेला भाविक हे शिखर चढतात. आबा तरुणपणी पायी गेले होते. आता चढण झेपायची नाही. तळोद्याकडून शिखर कुठून स्वच्छ दिसतं ते त्यांना ठाऊक आहे. पाऊस ओसरला की तिथेच तिवई लावायची, आणि पहाटे, धुकं चढायच्या आत पोचायचं, असं त्यांनी तिला बजावून ठेवलं आहे.