त्यांच्या ४ जागा, आपल्या १४८



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात पुणे करारावर चर्चा होती. शेवटी इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा उठून म्हणाला, "ताई, या राजकीय राखीव जागा बंदच करून टाका. निवडून येतो आपला माणूस, बोलतो त्यांचं." सगळे हसले. मला मात्र माझी आत्या आठवली.

आत्या गावच्या ग्रामपंचायतीत अनुसूचित जाती महिला राखीव जागेवर निवडून आली होती. तिला उभं केलं गावातल्या मोठ्या लोकांच्या पॅनलने. तिची पात्रता त्यांनी एकच पाहिली होती : तिला सहीपुरतंच लिहिता यायचं. वॉर्डात आपली चाळीस घरं आणि त्यांची दीडशे. मासिक सभेत ती दाराजवळ बसायची, रजिस्टर पुढे सरकवलं की सही करायची. दोन वर्षांनी आपल्या लोकांनी कसलेलं गायरान काढून घ्यायचा ठराव आला, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "आधी वाचून दाखवा," एवढंच म्हणाली. पुढच्या निवडणुकीत पॅनलने त्याच जागेवर आपल्याच वस्तीतली दुसरी बाई उभी केली. वस्तीची जवळजवळ सगळी मतं आत्याला पडली, तरी ती हरली.

त्या पोराला मी आत्याची गोष्ट सांगितली आणि मग न्यूझीलंडची. एम.ए.ला असताना मी तिथल्या माओरी जागांबद्दल वाचलं, तेव्हा बाबासाहेब १९३२ साली नेमकं काय मागत होते हे मला पहिल्यांदा नीट कळलं होतं.

न्यूझीलंड ही ब्रिटिशांची वसाहत. १८४० साली वाइटांगीचा तह झाला, १८५२ च्या कायद्याने संसद दिली आणि १८५४ साली तिची पहिली बैठक ऑकलंडला भरली. मतदानाचा हक्क कुणाला? २१ वर्षांवरच्या आणि स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेल्या पुरुषांना. कायद्यात माओरींना बंदी कुठेच नव्हती. पण माओरींची जमीन अख्ख्या टोळीची सामाईक, एकट्याच्या नावावर नसलेली. त्यामुळे बहुतेक माओरी आपोआप बाहेर राहिले. कायदा सगळ्यांना समान आणि दरवाजा ठरावीक लोकांनाच उघडा, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

मग जमिनीसाठी युद्धं झाली. १८६३ च्या कायद्याने सुमारे १२ लाख हेक्टर जमीन जप्त करायची सोय झाली. त्यानंतर, १८६७ साली, माओरींना संसदेत ४ जागा दिल्या गेल्या, त्याही फक्त ५ वर्षांसाठी. या जागांसाठी मालमत्तेची अट नव्हती. २१ वर्षांवरचा प्रत्येक माओरी पुरुष मत देऊ शकत होता. गोऱ्या पुरुषांना असा सरसकट हक्क मिळायला १८७९ साल उजाडलं. मतदार माओरी, उमेदवार माओरी. म्हणजे स्वतंत्र मतदारसंघच.

आता आकडे बघा. माओरी सुमारे ५० हजार, गोरे सुमारे अडीच लाख. गोऱ्यांच्या जागा ७२, माओरींच्या ४. लोकसंख्येच्या हिशोबाने त्यांना १४ ते १६ जागा मिळायला हव्या होत्या. अख्खं दक्षिण बेट एकाच माओरी सदस्याच्या वाट्याला आलं. १८६८ साली तारेहा ते मोआनानुई संसदेत बोलणारे पहिले माओरी ठरले. ते माओरीत बोलले आणि दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं.

वी पाराता यांचं उदाहरण तर विसरण्यासारखं नाही. ते १८७१ साली निवडून आले आणि १८७२ मध्ये सरकारच्या कार्यकारी मंडळातही गेले. त्यांच्या टोळीने शाळेसाठी चर्चला जमीन दिली होती. शाळा काही उभी राहिली नाही. जमीन परत मिळावी म्हणून ते कोर्टात गेले. १८७७ च्या निकालात न्यायाधीशांनी वाइटांगीचा तहच निरर्थक ठरवला. ज्याने कायदे करणाऱ्यांच्या रांगेत बसून काम केलं, त्याच्याच लोकांचा करार कायद्याने शून्य केला.

१८९३ साली होने हेके न्गापुआ हा २४ वर्षांचा तरुण निवडून आला. पुढच्याच वर्षी त्याने माओरींना स्वतःच्या कारभाराचा हक्क देणारं विधेयक मांडलं. गोऱ्या सदस्यांनी उत्तर दिलं नाही. ते उठून बाहेर गेले, गणसंख्या मोडली, चर्चाच थांबली.

मित्रांनो, माओरी आणि आपण सारखे नाही. ते त्या भूमीचे मूळ रहिवासी, आपण जातीने गावाबाहेर ठेवलेले. पण दोन्ही हिशोब शेजारी मांडून बघा. माओरींना मत स्वतःचं मिळालं, संख्या मिळाली नाही. म्हणून त्यांचा माणूस खरा होता, पण सभागृह रिकामं करून त्याला गप्प करता येत होतं. पुणे कराराने आपल्याला प्रांतिक विधिमंडळांत १४८ जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. आपला माणूस कोण, हे इतरांची मतं ठरवू लागली. कांशीरामजींनी 'चमचा युग' म्हटलं ते यालाच. आत्याच्या वॉर्डात मी हेच बघितलं.

म्हणून त्या पोराचं म्हणणं वेडगळ नाही. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननेच राखीव जागा नकोत असा ठराव केला होता. तरीही मी त्याला विचारलं : जागा गेली तर आत्याने जिथे पेन खाली ठेवलं ते टेबल तरी आपल्याला दिसेल का?

माओरींनी ४ जागा फेकून दिल्या नाहीत. अपमान गिळत त्या धरून ठेवल्या आणि संख्येसाठी भांडत राहिले. १९९३ च्या कायद्याने त्यांच्या जागा माओरी मतदारयादीतल्या संख्येशी जोडल्या गेल्या. १९९६ साली त्या ५ झाल्या, २००२ पासून ७ आहेत. १२५ पेक्षा जास्त वर्षं लागली.

आपल्या हातात आज स्वतंत्र मतदारसंघ नाही. पण राखीव जागेचा उमेदवार पॅनलच्या ओसरीवर ठरायच्या आधी आपल्या विहारात ठरवणं हातात आहे. चाळीस घरांनी एकच नाव दिलं, तर पॅनलला दुसरं नाव शोधायला आपल्यातलाच कुणी फितूर लागेल. तो मिळू न देणं हे आपलं काम. आणि निवडून गेलेल्या बाईच्या शेजारी, सभेत ठराव वाचून दाखवायला, आपल्यातलं एक शिकलेलं पोरगं बसवता येत नसेल तर दारात तरी उभं करा.

आत्या आता थकली आहे. तिला मी न्यूझीलंडची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "चौघं होते ना? मी तर एकटीच होते."

जय भीम.