गच्चीवरील घटपर्णी

भारतात रानटी घटपर्णी एकच, ती मेघालयातील, आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून आम्ही रोपवाटिकेतील संकरित झाडे आणून सुरतेच्या गच्चीवर वाढविली. या वनस्पतीत नर व मादी झाडे वेगळी असतात. दोन्ही एकदाच फुलली, तेव्हा हाताने परागसिंचन करून केसासारखे बारीक बी ओल्या शेवाळावर पेरले. चाळीसेक रोपे आली. कूपनलिकेचे खारे पाणी त्यांना मानवत नाही, म्हणून पावसाचे साठविले. खत वर्ज्यच, पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या घटात पडलेल्या मुंग्या हेच तिचे खत.

तिसऱ्या वर्षी एका रोपास गर्द तांबडे, रेघारेघांचे घट लागले. हेच आपले वाण, असे आम्ही ठरवून टाकले. वैशाखात नेमके तेच प्रथम करपले. वेळीच त्याचे छाटकलम करून ठेवण्याचे आम्हांस सुचले नाही, ही रुखरुख अद्याप जात नाही.

आता सात रोपे उरली आहेत. घट हिरवट, साधेच. पण तीन उन्हाळे त्यांनी सोसले. यंदा कलमे त्यांचीच करावयाची आहेत. पहिला पाऊस झाला, की ज्यांना हवे त्यांनी एकेक न्यावे.