पाटीलकाकांची दुर्बीण

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला एक शनिवार. सकाळचे साडेनऊ. चहाचा दुसरा कप घेऊन नुकताच लॅपटॉप उघडला होता (ऑफिसचा नाही, स्वतःचा!) आणि दारावर टकटक झाली. उघडून बघतो तर पाटीलकाका. हातात कुठल्याशा दुकानाचं जाहिरातीचं पत्रक, त्यावर पेनाने चार-पाच गोल केलेले.

पाटीलकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसच्या बाहेर, जिथे वस्ती संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे. शेजारचे हे आजोबा ७२ वर्षांचे, निवृत्त ट्रक मेकॅनिक. दिवसभर पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं याची बारीक नोंद ठेवतात. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "हे तर गावचे पाटील!" तेव्हापासून आमच्या घरात ते पाटीलकाका.

"पोरा, तू कॉम्प्युटरवाला ना? मग यातली कुठली घेऊ ते सांग. शंभर डॉलरच्या वर जायचं नाही."

इंजिनियर झालं की माणसाला सगळंच कळतं, हा समज फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. सांगलीला गेलो की मामी मिक्सर दाखवते, काका इन्व्हर्टर दाखवतात. इथे पाटीलकाकांनी रायफलची दुर्बीण दाखवली, एवढाच फरक.

त्यांची रायफल मार्लिनची मॉडेल ६०. हे मॉडेल १९६० साली बाजारात आलं आणि पुढे अमेरिकेत घराघरांत पोचलं. काडतूस पॉइंट टू टू. आपल्यातल्या ज्यांनी शाळेत एनसीसी केलंय त्यांना हे माहीत असणार. २५ यार्डांवर पालथं पडून पाच गोळ्या आणि मग उस्तादांचं "ग्रुपिंग देखो!" माझं ग्रुपिंग कधीच देखण्यासारखं नव्हतं, पण ते असो. या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मधोमध नसून कडेच्या घडीत भरलेला असतो. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, आवाज कमी, आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच.

एक खुलासा आधीच करतो. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. माझ्यासारख्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद आहेत, पण मला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. म्हणजे या सगळ्या प्रकरणात मी रायफलला बोटही लावलेलं नाही. माझं काम फक्त सल्लागाराचं.

काकांना विचारलं, "इतकी वर्षं दुर्बिणीशिवाय चाललं ना? मग आताच का?" वर जरा शहाणपणाही केला. म्हटलं, आमच्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, तेही याच काडतुसावर, आणि त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही.

"वय काय त्याचं?"

"तेव्हा अठ्ठावीस."

"अठ्ठाविसाव्या वर्षी मीही दुर्बीण वापरत नव्हतो."

मग ते जरा वेळ गप्प बसले आणि खरं कारण सांगितलं. आदल्या हंगामात त्यांनी एका खारीवर नेम धरला. मागचं साइट, पुढचं साइट आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी. तरुण डोळा त्यांच्यात झटपट ये-जा करतो, म्हाताऱ्या डोळ्याच्या भिंगाला ती लवचिकता उरत नाही. गोळी लागली, पण नीट नाही. खार झाडाच्या ढोलीत शिरली ती बाहेर आलीच नाही. काका अंधार पडेपर्यंत झाडाखाली उभे होते. त्यानंतर रायफल कपाटात गेली. "एक तर दिसलं पाहिजे, नाही तर सोडलं पाहिजे," असं म्हणाले.

मला काय बोलावं कळेना. आपण लहानपणापासून ऐकलेली खार म्हणजे सेतू बांधताना वाळू वाहणारी, रामाने पाठीवर बोटं फिरवलेली. आणि इथे माझ्या मदतीने तिला मारायची तयारी! पण काकांसाठी ती शरद ऋतूतली भाजी आहे. त्यांच्या वडिलांच्या काळापासून घरात तिचा रस्सा होतो. मी नाही म्हटलं असतं तरी ते कुठली तरी दुर्बीण घेणारच होते. मग निदान खार जखमी होऊन ढोलीत मरणार नाही अशी घ्यावी, असं स्वतःला समजावलं.

आता मी काय केलं असेल? बरोबर. एक्सेल शीट! रकान्यांत झूम, भिंगाचा व्यास, वजन, किंमत, ग्राहकांचे तारे. दोन तासांत विजेता ठरला : ३-९x५०. म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. किंमत ९४ डॉलर, तारे साडेचार. मोठं भिंग, जास्त झूम, बजेटमध्ये. काका खूश, मी तर भलताच खूश.

पुढच्या शनिवारी त्यांच्या मेहुण्याच्या शेतावर गेलो. मागे मातीचा उंच बांध, समोर २५ यार्डांवर कागद. आणि सगळा बट्ट्याबोळ! एक तर दुर्बिणीसोबत मी मागवलेल्या रिंगा रायफलवर बसेचनात. या रायफलच्या माथ्यावर ३/८ इंचाची अरुंद खाच असते, आणि मी मागवल्या होत्या मोठ्या रायफलींच्या रुंद पट्टीच्या. मेहुण्याच्या गॅरेजमध्ये जुन्या रिंगा सापडल्या म्हणून निभावलं. भिंग इतकं मोठं की त्याला जागा व्हावी म्हणून दुर्बीण उंच बसवावी लागली. त्यामुळे काकांचा गाल दस्त्यावर टेकेना, डोकं अधांतरी. "नऊवर ठेवा," हा सल्ला पुन्हा माझाच. पाच गोळ्या झाडल्या आणि पाच भोकं कागदभर पसरली.

काका काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. मुख्य भानगड पॅरॅलॅक्सची. बसमध्ये बाजूच्या सीटवरून ड्रायव्हरच्या काट्याकडे बघितलं की वेग वेगळाच दिसतो ना, तेच. दुर्बिणीतली फुली आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच पातळीवर पडतात त्या फक्त एका ठरावीक अंतरासाठी. इतर अंतरांवर डोळा जरा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. मोठ्या रायफलींच्या स्वस्त दुर्बिणींमध्ये हे अंतर कारखान्यातच बहुधा १०० यार्डांवर पक्कं केलेलं असतं. रिमफायरसाठी म्हणून बनवलेल्यांत ५० किंवा ६० यार्डांवर.

याचं गणित सोपं आहे. भिंगाची त्रिज्या घ्या, तिला लक्ष्य आणि ठरलेलं अंतर यांच्यातल्या फरकाने गुणा, ठरलेल्या अंतराने भागा. ही झाली जास्तीत जास्त चूक. आमची ५० मिलिमीटरची, १०० यार्डांची दुर्बीण २५ यार्डांवर : २५ गुणिले ७५ भागिले १००, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर. पाऊण इंच! खारीचं डोकं सगळं मिळून दीड इंच. म्हणजे फुली डोक्याच्या मधोमध दिसतेय आणि गोळी पार कडेला किंवा बाहेर. आणि डोकं अधांतरी असलं की डोळा हलणारच.

आता ३२ मिलिमीटरची, ५० यार्डांची घ्या. २५ यार्डांवर चूक जास्तीत जास्त ८ मिलिमीटर, ४० यार्डांवर जेमतेम ३.

दुसरं गणित आणखी सोपं. भिंगाचा व्यास भागिले झूम म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ५० ला ९ ने भागलं की साडेपाच, ३२ ला ४ ने भागलं की ८ मिलिमीटर. उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे जाड झोताने जास्त उजळ दिसत नाही. पण डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही. ७२ वर्षांच्या मानेला हेच हवं होतं. उलट नऊपट झूममध्ये हाताचा कंपही नऊपट.

आणि इतकं झूम हवंय कुणाला? ही गोळी ५० यार्डांवर जुळवली तर १०० यार्डांपर्यंत सहा-सात इंच खाली पडते. काकांना विचारलं, "खार किती लांब असते?" म्हणाले, "वीस यार्ड, फार तर चाळीस." हा प्रश्न मी पहिल्या शनिवारी विचारायला हवा होता. ऑफिसमध्ये क्लायंटला न विचारता कोड लिहिणाऱ्यांच्या नावाने मी रोज बोटं मोडतो, आणि स्वतः नेमकं तेच केलं होतं :)

पहिली दुर्बीण परत केली. पोस्टाचा खर्च मी दिला (काकांना सांगितलेलं नाही). दुसरी घेतली ती साधी ४x३२, झूम बदलायची सोयच नाही, पॅरॅलॅक्स ५० यार्डांवर, ३/८ च्या रिंगा डब्यातच. ५७ डॉलर. इथे स्वस्तात भागतं त्यालाही कारण आहे. या रायफलला धक्काच नसल्याने दणकट बांधणीचे पैसे मोजावे लागत नाहीत. (भारतात कुणी स्प्रिंगच्या एअरगनसाठी दुर्बीण बघत असेल तर मात्र सावधान. ती बंदूक पुढे-मागे दोन्हीकडे झटके देते आणि साध्या दुर्बिणीची वाट लावते. तिथे एअरगनसाठीचीच घ्यावी.)

तिसरा शनिवार. दुर्बीण खाली, गाल दस्त्यावर घट्ट. काका झाडणार, मी बाजूला वही आणि साधी बायनॉक्युलर घेऊन. पाच गोळ्या : दोन इंच डावीकडे, पण सगळ्या एकत्र. मला एकदम एनसीसीचे उस्ताद आठवले. ग्रुपिंग आधी, जागा नंतर! बुरुजावरच्या चकतीची एक टिकटिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. दोन इंचांना ३२ टिका. काकांनी मोजून ३२ दिल्या. पुढच्या पाच गोळ्या मधोमध, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा. मग ५० यार्डांवर बारीक जुळवणी. शेवटी मी चकती वीस टिका एकीकडे आणि वीस टिका परत फिरवायला सांगितली. स्वस्त दुर्बिणी इथेच दगा देतात. ही जागेवर परत आली.

१ सप्टेंबरला ओहायोत खारींचा हंगाम सुरू होतो. काका पहाटेच गेले. मी दिवसभर मीटिंगमध्ये होतो, पण लक्ष सगळं खिडकीकडे. दुपारी गाडी आली. काका उतरले, हात रिकामे.

मी धावतच गेलो. "काय झालं? दुर्बीण हलली का?"

"नाही. झकास आहे. खार तीस यार्डांवर होती, डोळ्यांतली चमकसुद्धा दिसली. पण मध्ये एक काडी होती, एवढीशी." त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "अशा काडीवर गोळी फिरते. गेल्या वर्षी मला ती काडी दिसलीच नसती."

मग ओट्यावर बसून आम्ही चहा प्यायलो. त्यांनी दुर्बीण पुसायला माझ्या चष्म्याचं फडकं मागून घेतलं. ते अजून परत मिळालेलं नाही.