चढायचं पायी, उतरायचं एस्टीनं!

सातारा म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ते कंदी पेढे. पण पेढे खाऊन झाले, की या गावात पायांना भरपूर काम असतं. भोवती सात डोंगर, म्हणून नाव सातारा, असं सांगतात. घरातून बाहेर पडलात की एकतर चढ लागतो, नाहीतर उतार. गावाच्या डोक्यावर अजिंक्यतारा बसलेला, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर, त्याच्याही पलीकडे कासचं पठार. सकाळी सहाला रस्त्यावर या, स्वेटर घातलेले आजोबा आणि गणवेशातली पोरं एकाच चढावर धापा टाकताना दिसतील.

या मातीत धावणारी माणसंही खूप. माण तालुका आमच्याच जिल्ह्यातला, पावसानं पाठ फिरवलेला. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. त्याआधी १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. म्हणजे मध्ये तब्बल ३२ वर्षं गेली! साताऱ्यात २०१२पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉनही होते. अंतर २१ किलोमीटरहून थोडं जास्त. गावातून निघायचं, यवतेश्वराचा घाट चढायचा आणि तोच घाट उतरून परत यायचं. तिच्या तयारीसाठी दूरदूरची मंडळी इथं येऊन घाटात घाम गाळतात.

अशा या गावात गणपतीच्या सुट्टीत माझी भाची आली. मुंबईला नववीत शिकते. शाळेकडून ३००० मीटर धावते. तीन आठवड्यांवर जिल्ह्याची स्पर्धा होती आणि बाईसाहेबांची उजवी नडगी दुखत होती!

नडगी म्हणजे गुडघ्याखालचं पुढचं हाड. पावसात मैदानात चिखल झाला, म्हणून महिनाभर डांबरी रस्त्यावर सराव झालेला. त्यात बुटांचे तळ झिजलेले. मग नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू झाला. डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत होतं, पण हाडाला चिकटलेल्या भागावर ताण आला होता. "पळणं कमी कर, पण अंथरूण धरू नकोस," असं त्यांनी सांगितलेलं. आता हे जमवायचं कसं? आणि तेही मामाच्या गावाला, जिथं एकही रस्ता सपाट नाही!

तिच्या शाळेतले खेळाचे सर हुशार. त्यांनी एका कागदावर दोन रकाने आखून दिले होते. डाव्या रकान्यात मुंबईचं वेळापत्रक होतं : इतके किलोमीटर, इतक्या फेऱ्या. त्याच्यावर सरळ काट मारलेली. उजव्या रकान्यात किलोमीटरचं नावच नाही. फक्त वेळ आणि श्वास. '३० मिनिटं, गप्पा मारता येतील इतकं.' '४० मिनिटं, गप्पा बंद पडतील इतकं.' 'विश्रांती.' परगावी रस्ते अनोळखी, चढ किती ते ठाऊक नाही. तिथं किलोमीटर मोजत बसलं की पाय बिचारा भरडला जातो. श्वास मात्र सगळीकडे खरं सांगतो.

प्रवासाच्या दिवसापुढे सरांनी लिहिलं होतं, 'आज धावणं नाही.' मुंबईहून सातारा सुमारे अडीचशे किलोमीटर. बसमध्ये सहा-सात तास पाय दुमडून बसलं की पोटऱ्या लाकडासारख्या होतात. म्हणून दर तासाला बसल्या जागी पावलं गोल फिरवायची, बस थांबली की उतरून चार पावलं टाकायची, पाणी प्यायचं. "खंबाटकी घाटात सगळे झोपले होते आणि ताई पाय फिरवत होती!" ही चुगली तिच्या धाकट्या भावाची. हा चौथीतला गडी पुढे आमच्या फार कामाला आला.

सरांचा आणखी एक नियम होता. दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. दोनपर्यंत असतील तर चालू ठेवायचं. तीन-चार झाले की पळणं सोडून चालायचं. पाच झाले की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल जमिनीवर ठेवताना पुन्हा मार्क द्यायचे. ते वाढले असतील, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. जितके कमी मार्क तितका आनंद, अशी ही जगातली एकुलती एक परीक्षा!

पहिल्या सकाळी आम्ही अजिंक्यताऱ्यावर निघालो. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. चालतच गेलो. भाची झपझप पुढे, मी मागे, आणि धाकटा आम्हा दोघांच्या मध्ये निरोप्यासारखा. "ताई म्हणते मार्क एक!" असं तो वळणावरून ओरडायचा.

वर दरवाजातून आत शिरलो आणि दम खात बसलो. हा किल्ला दम धरणाऱ्यांचाच आहे. १६७३ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेब मोठं सैन्य घेऊन पायथ्याशी येऊन बसला. आत मोजकी माणसं आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू. पण किल्ला साडेचार महिने लढला! मोगलांनी सुरुंग लावले, तेव्हा एक बुरूज उलटा त्यांच्याच सैन्यावर कोसळला. अखेर १७००च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला आणि त्याचं नाव 'आझमतारा' झालं. पुढे तो मराठ्यांनी परत घेतला आणि ताराराणींच्या काळात त्याचा 'अजिंक्यतारा' झाला. "म्हणजे एकदा हरूनही अजिंक्य?" धाकट्यानं विचारलं. त्याचं उत्तर तुम्हीच द्या बरं!

उतरताना गंमत झाली. निम्म्या उतारावर भाची गप्प झाली. "किती?" मी विचारलं. "चार." चढताना एक आणि उतरताना चार? खरं तर चढताना दम जास्त लागतो. मग नडगी उतारावर का कुरकुरली?

घरी येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सपाटीवर धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार येतो. अर्धा तास धावलं की अशी चार-पाच हजार पावलं पडतात. उतारावर पाऊल आणखी खाली जाऊन आदळतं, म्हणून दणका वाढतो. शिवाय प्रत्येक पावलाला शरीराला ब्रेक लावावा लागतो. तो ब्रेक म्हणजे मांडीचे आणि नडगीचे स्नायू. ते ताणले जात असतानाच जोर लावत असतात. चढावर उलट होतं. जमीनच वर येऊन पावलाला भेटते, दणका कमी बसतो. पण सगळं वजन वर उचलायचं असल्यामुळे हृदय आणि फुप्फुसं मात्र जोरात कामाला लागतात.

भाचीचे डोळे चमकले. "मग मामा, नुसतंच चढलं तर?"

"आणि उतरायचं कसं? उडत?"

"एस्टीनं!"

दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सकाळी मार्क दोन आले, म्हणजे विश्रांती हवीच होती. आम्ही जवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहून आलो. अष्टकोनी आकाराची ही भव्य विहीर ३०० वर्षांपूर्वीची. एकाच वेळी बारा मोटा लावून पाणी उपसायचं, म्हणून हे नाव. विहिरीच्या पोटातच दगडी महाल आहे. संध्याकाळी घरी भाचीनं भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या, टाचा वर-खाली केल्या. त्यानंतर पेढे. पेढ्यांना सरांच्या कागदात बंदी नव्हती, आम्ही दोनदा वाचून खात्री केली.

तिसऱ्या सकाळी मार्क शून्य! उजाडताच यवतेश्वराचा घाट गाठला. रात्री पाऊस पडून गेला होता. कड्यावरून पाण्याच्या धारा, रस्त्याच्या कडेला तेरड्याची गुलाबी फुलं, आणि खाली ढगाच्या दुलईत सातारा. भाची पळत नव्हती. छोटी पावलं, हात जोरात आणि ताठ मानेनं भराभर चालणं, बस्स. एका वळणावर थांबून तिनं मनगटावरची नाडी धरली आणि धाकट्यानं घड्याळ. १५ सेकंदांत ३८ ठोके. गुणिले चार किती? १५२! घरी बसल्यावर तिचे ठोके ७० असतात. म्हणजे पाय चालत होते, पण हृदय शर्यतीतच होतं. हृदयाला कुठं कळतंय तुम्ही पळताय की चढताय? त्याला फक्त कामाशी काम.

वर यवतेश्वराच्या देवळापाशी पोचलो, तर सरावाला आलेल्या चार-पाच मुली तिथं पाणी पीत होत्या. भाचीचे बूट पाहून त्यांनी ओळखलंच. "पळतेस? चल की आमच्याबरोबर खाली! नुसता उतार आहे, पळायलाच लागत नाही."

आता पाहा. पाय दुखत नव्हता. हवा थंड होती. समोर मोकळा रस्ता आणि बरोबरीच्या मुली. भाचीनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा नडगीकडे. मी मुद्दामच काही बोललो नाही, पाय तिचा होता. "आज नाही," ती म्हणाली. "चढताना असते तर आले असते." मुली हसत, हात हलवत निघून गेल्या. पहिल्या वळणापर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली. तोंड जरा उतरलं होतं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात बामणोलीकडे जाणारी एस्टी आली. आम्ही हात केला आणि चढलो. खिडकीत बसल्यावर तिला मी डेव्हिड रुडिशाची गोष्ट सांगितली. केनियाच्या या धावपटूनं २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा जागतिक विक्रम केला : १ मिनिट ४०.९१ सेकंद. पुढच्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याला मॉस्कोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. जगज्जेता घरी बसला! पण २०१५ला तो पुन्हा जगज्जेता झाला आणि २०१६ला रिओत पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण. भाची काही बोलली नाही, पण धाकट्याकडची शेंगदाण्याची पुडी तिनं ओढून घेतली. म्हणजे राग गेला होता.

कासचं पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. खाली जांभा दगड, वर मातीचा पातळसा थर. उन्हाळ्यात पाहिलंत तर म्हणाल, इथं काय उगवणार? पण पावसाळ्याच्या शेवटी फुलांचा गालिचाच! त्यातलं निळं-जांभळं 'सीतेची आसवं' नावाचं फूल नीट पाहा. या जमिनीत त्याला पुरेसं अन्न मिळत नाही, म्हणून त्यानं वेगळी सोय केली आहे. जमिनीखाली त्याला बारीक पिशव्या असतात. त्यात इवले इवले जीव शिरले की पिशवी बंद! टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. तोवर नुसती पानं. "हिचं वेळापत्रक आपल्या सरांनीच केलं असणार," भाची म्हणाली.

परतीचा सगळा उतार एस्टीनं. चौथ्या सकाळी मार्क पुन्हा शून्य. मग गप्पा मारता येतील इतकं, म्हणजे अगदी सावकाश, मातीच्या मैदानावर २० मिनिटं धावली. दुपारी पोरं मुंबईला गेली.

तीन आठवड्यांनी फोन आला. स्पर्धेत ती पाचवी आली. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही. पण शेवटच्या दोन फेऱ्यांत तिनं तिघींना मागं टाकलं होतं. दुसऱ्या सकाळचे मार्क? शून्य. "मामा, दिवाळीत येते," ती म्हणाली. "या वेळी थोडं पळत चढू."

तुम्हालाही यवतेश्वराचा घाट चढायचाय? मग एवढं लक्षात ठेवा.

• मोठं माणूस बरोबर घ्या. वाहनं समोरून दिसतील अशा बाजूनं, एकामागे एक चाला. धुकं असेल तर भडक रंगाचे कपडे घाला.

• प्रवासाच्या दिवशी सराव नको. पाणी प्या आणि लवकर झोपा.

• नवीन गावात किलोमीटर मोजू नका. वेळ आणि श्वास मोजा.

• दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा लंगडायला होत असेल, तर मार्क देत बसू नका. आईबाबांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

• कासला ठरवून दिलेल्या वाटेवरूनच चाला. फुलं तोडायची नाहीत, तुडवायची तर नाहीतच.

• आणि परतीच्या एस्टीची वेळ वर जाण्याआधीच विचारून ठेवा. ती चुकली तर घाट पायीच उतरावा लागेल!